दुपट्याचा वास

बारामतीच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती, एवढंच निमित्त. लासुर्ण्याहून पहाटे निघूनही पोचता आलं असतं. पण घरी बायका भेटायला येतच होत्या, प्रत्येकीला रडून दाखवावं लागत होतं आणि मला रडू येत नव्हतं. म्हणून माझ्या नवऱ्यानं, सिद्धूनं, भर पेठेतल्या जुन्या दगडी इमारतीत खोली घेतली. कुण्या कापूसवाल्या शेठचा बंगला होता म्हणे. आता डागडुजी करून भारी हॉटेल केलंय. आम्हाला सोडून तो कारखान्यात पाळीला गेला. सोबतीला सासूबाई होत्या, बानूबाई नावाच्या. मी त्यांना आत्या म्हणते.

सागवानी पलंग, पितळी कड्या, एसीची थंडी. मला ती खोली चांगलीही वाटली नाही आणि वाईटही. माझं बाळ जन्मलं ते रडलंच नाही, तेव्हापासून माझं सगळं असंच चाललं होतं. दूध आटवायच्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण आटवायला आधी यायला तर हवं. पान्हा फुटलाच नव्हता. "ही पोर दगड होऊन जाईल," असं आत्या शेजारणीला म्हणताना मी ऐकलं होतं. खोटं काय त्यात?

तिन्हीसांजेला रडू ऐकू आलं. तान्ह्या बाळाचं. आधी भिंतीपलीकडून, मग आमच्याच खिडकीखालच्या कोपऱ्यातून. मी खाली फोन लावला. काउंटरवरची सुकन्या म्हणाली, "मॅडम, त्या मजल्यावर तुम्हीच आहात... दिवे लागले की थांबतं ते."

दिवे लागले. रडणं थांबलं नाही, पलंगाकडे सरकलं.

मी घाबरायला हवं होतं. नुसती बसून राहिले.

"भूक लागलीया त्याला," आत्या हळूच म्हणाल्या. "आय न्हाय जवळ..."

आत्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि दुपटं काढलं. त्यांनीच शिवलेलं, माझ्या बाळाला गुंडाळलेलं. मातीआड करताना त्यांनी ते काढून घेतलं होतं, हे मला माहीत नव्हतं. धुतलेलंही नव्हतं.

"आत्या, काय करताय..."

"मेंढीचं पिल्लू मेलं, की त्याचं कातडं पोरक्या पिल्लावर टाकतो आमी. वास आला की पाजती ती."

"म्हणजे मेंढीला फसवता."

"फसत न्हाय ती. तिलाबी पायजेच असतंय."

त्यांनी दुपटं फरशीवर पसरलं. रडणं तिथंच थांबलं. खोलीत वास पसरला, बाळंतिणीच्या खोलीचा, ओला आणि उबदार. माझी छाती ठणकली आणि बघता बघता ब्लाउज भिजून ओल कमरेपर्यंत उतरली. मग मी रडले. इतक्या दिवसांनी, अगदी मोकळी होऊन रडले, आणि मला बरं वाटलं.

आत्यांनी दुपटं दोन्ही हातांनी उचललं, अलगद माझ्या मांडीवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पदर ओढून घेतला. खाली पाहिलं नाही.

सकाळी किल्ली द्यायला गेले. सुकन्यानं ती माझ्या हातातून घेतली नाही, टेबलावर ठेवायला सांगितलं.

"मॅडम... त्याला परत नका आणू हं," एवढंच ती बोलली.

डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठीक म्हणाले.

परतीच्या वाटेवर सिद्धू गाडी चालवत होता. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "ते मोकळं दुपटं कशाला धरून बसलीयास?"

मी दुपट्यावर पदर ओढला. पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखणलेला होता. गाडी खड्ड्यात आदळली.

"मनिषा," मागून आत्या म्हणाल्या, "मान सांभाळ त्याची."

मी दुपट्याखाली हात सरकवला. बोटांखाली टाळू हलकेच उडत होती.