गोट्याखालचं पान

दीपाला पहिल्यांदा खटकलं ते पळसाचं एक पान. हिरवंगार.

मुकुटबनच्या पुढच्या डोंगरात वणवा येऊन गेला होता. उतारावर सागाचे काळे खांब तेवढे उरले होते, पायाखाली करडी राख. त्या राखेत एका गोट्याखाली हे तजेलदार पान दाबून ठेवलेलं, आणि शेजारी रक्ताचा टपोरा थेंब. नजर पोचेल तिथवर गवताचं पातंही हिरवं नव्हतं. मग हे पान आलं कुठून?

दीपाला वनरक्षक म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. बी.एस्सी. झालेली, हुशार, पण घरी कुकरची शिट्टी वाजली तरी दचकायची. सोबतचा वनमजूर लखीराम त्यावरून तिची मजा घेतल्याशिवाय राहत नसे.

"मॅडम, तुमी त आपल्याच बुटाच्या आवाजाले भेता. अस्वल दिसलं त माह्याच खांद्यावर चढसान!"

काम तसं साधंच होतं. जळालेल्या भागाची हद्द मोबाईलवर नोंदवायची आणि उजेड आहे तोवर चौकीवर परतायचं. पण सकाळी पाणवठ्यावर कुणीतरी बाण लागलेलं सांबर पाहिल्याची खबर होती, त्यामुळे रक्त दिसताच लखीराम थेंबांच्या मागावर निघाला. चढ असा की हात टेकावे लागत, आणि टेकलेला हात काळा होऊन वर येई. प्रत्येक थेंबापाशी तसंच पान, तसाच गोटा. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं दीपा मागून एकेक पान उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकत गेली. पुरावा म्हणून. राखेत त्या दोघांच्याच पावलांचे ठसे होते. सांबराचा खूर नाही, तिसऱ्या माणसाचं पाऊल नाही. हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण पुन्हा चेष्टा होईल म्हणून तिने नुसतं पुढचं पान उचललं.

माथ्यावर एक मोठा खडक होता. त्याच्या पलीकडे दरी, तळाशी कुठेतरी जुना ओंडका अजून धुमसत होता. इथून थेंब दरीत उतरत होते, पण त्यांच्यापाशी पान नव्हतं. लखीराम घाम पुसायला वळला आणि त्याला पिशवी दिसली.

"हे काहून उचलले?"

"पंचनाम्याला लागतील ना, काका."

"अवो, तिरकमठ्यावाले शिकारी ठेवते हे. जखमी जनावराच्या मागं जातानी थेंबापाशी पान, पानावर गोटा. वापस येतानी तेच पाहत येते अन् आपलं पान आपणच उचलते. पान जागेवर हाय म्हणजे माणूस वापस नाही आला." तो दरीकडे पाहत राहिला. "खाली कोणी पडून असन तं? पाहून येतो. तुमी इथून हालू नका, रेंज इथंच भेटते."

"काका, तुमचा दमा..."

"पंप हाय खिशात. बसा बिनघोर."

कोळसा तुडवल्याचा करकर आवाज खाली खाली गेला आणि बुडाला.

मग काहीच नव्हतं. जळालेल्या रानात पाखरू नसतं, किडा नसतो, हलायला पानही नसतं. दीपाला आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. ऊन कललं, वारा फिरला आणि धूर दरीत भरत चालला. करपलेल्या मोहाचा गोडसर वास, आणि त्यात आणखी काहीतरी... ओल्या केसांसारखं.

"लखीराम काका!"

हाक दरीत पडली. वर काही आलं नाही.

फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

धूर, दमा, आणि खाली वाट नाही. माणूस तिच्या डोळ्यांदेखत दरीत उतरला होता. काही झालं तर त्याच्या घरी काय सांगणार? आणि वाटेच्या खुणा तर तिच्याच पिशवीत! तिने पिशवी उघडली. पानं तशीच, आत्ताच तोडल्यासारखी. राखेवर हिरवं धुरातही दिसेल, एवढंच तिच्या मनात आलं. खडकाच्या पायथ्यापासून ती दरीत उतरत गेली. पान, वर गोटा. पान, वर गोटा. धुरात समोरचं दिसेनासं झालं तिथे शेवटचं पान ठेवलं आणि धडपडत वर आली.

बराच वेळ गेला. मग धूर थोडा विरळ झाला आणि तिने पाहिलं, सगळ्यात खालचं पान नव्हतं. गोटा बाजूला पडला होता.

दीपाला हायसं वाटलं. आले! पानं उचलत येताहेत. "काका, इकडे... वर या!"

धूर पुन्हा दाटला, पुन्हा विरळ झाला. आता त्याच्या वरचंही नव्हतं. त्याच्याही वरचं नव्हतं.

पण खोकला ऐकू येत नव्हता. एवढ्या धुरात, दमेकरी माणूस, आणि एकदाही खोकत नाही? कोळसाही वाजत नव्हता. मोकळ्या झालेल्या राखेवर लखीरामचे उतरतानाचे आणि तिचे उतरताना-चढतानाचे ठसे तेवढे दिसत होते.

तिने पुन्हा फोन लावला. यावेळी रिंग गेली. दरीत कुठे काही वाजलं नाही. रिंग जात राहिली. खडकाच्या पायथ्याशी एकच पान उरलं होतं, तिच्या बुटापासून हातभर.

पलीकडून फोन उचलला गेला. आधी खोकला, मग लखीरामचा नेहमीचा आवाज.

"अवो मॅडम, कधीचा फोन लावून राह्यलो तुमाले! धूर लय झाला, मी पल्याडच्या अंगानं निंगालो, चौकीवर चाय पिऊन राह्यलो. खाली कोणीच नाही भेटलं... हॅलो? मॅडम?"

पायथ्याचा गोटा हळूच बाजूला कलंडला.