माणशी शंभर वॅट

हिमछत्र वसाहतीत घर घेताना घरात माणसं किती राहणार, ते करारनाम्यात लिहून द्यावं लागे. पाहुणे येणार असतील तर आधी कळवावं लागे. चंद्रपूरजवळच्या त्या सहा इमारतींत एकही एसी नव्हता, तरी बाहेर अठ्ठेचाळीस अंश असताना आत एकोणतीस असायचं.

ही करामत छतावरच्या नभपत्र्यांची. साधा पत्रा तापला की भोवतालची हवाच तापवतो. डॉ. हेमलता निखाडे यांनी घडवलेला पत्रा उष्णता अशा लहरींतून बाहेर टाकायचा, की त्या हवेत न अडकता थेट अंतराळात निघून जात. पण ही ताकद पत्र्याच्या क्षेत्रफळाइतकीच. भिंतींतून येणारी उष्णता वजा केली की एकोणतीस अंश राखून सहाशे माणसांपुरती जागा उरे. कारण नुसतं बसलेलं माणूसही शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी ऊब सतत देत असतं.

२०६१च्या मे महिन्यात पारा पन्नासवर गेला आणि उतरेचना. शहराची वीज गेली; वसाहतीची स्वतःची वीज तेवढी चालू राहिली. सातव्या दिवशी दुपारी फाटकाशी दोनशे माणसं येऊन उभी राहिली. मागच्या टिनाच्या वस्तीतली. या इमारती त्यांनीच बांधल्या होत्या. सर्वांत पुढे सुगंधा मडावी होती, गवंडीकाम करणारी.

"सहाशेचा आकडा तुम्हीच ठरवला होता, मॅडम," वसाहतीचे सचिव बोरकुटे तिथेच राहणाऱ्या हेमलताला म्हणाले. "वर माझे नव्वदीचे वडील आहेत."

"मीच ठरवला होता, आता मीच बदलते. आत चौतीस अंश होऊ देऊ. तेवढ्यात माणूस जगतो."

"आणि त्याच्या पुढे?"

"एवढ्या गर्दीच्या श्वासाने हवा ओली होते, घाम वाळत नाही. मग सगळेच एकदम आजारी पडतील. चौतीसच्या पुढे मी जाणार नाही."

हेमलताने घरोघरी जाऊन सांगितलं, एक फ्रिज बंद केलात तर एक माणूस आत येईल. इस्त्री म्हणजे दहा माणसं. शेगड्या बंद झाल्या, लोक भिजवलेल्या पोह्यांवर राहिले. संध्याकाळपर्यंत वस्तीतली सगळी माणसं जिन्यांत, दिवाणखान्यांत, जागा मिळेल तिथे टेकली. तरुण मंडळी पाळीपाळीने दोन-दोन तास बाहेर झाडाखाली बसू लागली आणि त्यांच्या जागी आजूबाजूचे आणखी काही जण आत आले. भिंतीवरच्या पडद्यावर चौतीसचा आकडा आला, आणि हेमलताने स्वतः खाली जाऊन फाटक लावलं.

दुसऱ्या दिवशी सुगंधा तिच्याकडे आली.

"मॅडम, पलीकडच्या गावची एक बाई आली जी. पाच वर्षांची पोर आहे संगं. एकटीच आहे."

"प्रत्येक जण एकटाच येतो, सुगंधाबाई. काल आठ जणांना परत पाठवलं मी. त्यांना काय सांगू?"

सुगंधाने फाटकाबाहेर चादर बांधून सावली केली, ओली फडकी दिली, पाण्याचा माठ ठेवला. हेमलताने खिडकीतून पाहिलं. मग ती पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली.

दुपारी तीनच्या सुमारास बोरकुटे आले आणि दारातच थांबले.

"बाबा गेले," ते म्हणाले. "झोपेतच."

हेमलता उठून त्यांच्याजवळ गेली. त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"एका माणसाची जागा झाली ना? त्या बाईला आत घ्या."

हेमलताला उत्तर माहीत होतं. तिने एकदा पडद्यावरचा आकडा पाहिला.

"म्हाताऱ्या माणसाचं शरीर साठ वॅटच देतं, बोरकुटे. त्यात आई बसत नाही. मुलगी बसेल."

बोरकुटे जिना उतरून गेले.

सुगंधाने फाटक हातभर उघडलं आणि काय ठरलंय ते सांगितलं. पदर धरलेली पोरीची मूठ बाईने सोडवली, ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं आणि तिला आत ढकललं. बोरकुटेंनी पोरीला कडेवर घेतलं. ती रडत होती. फाटक लागलं.

आत चौतीसच अंश राहिले. हेमलताचं गणित अचूक होतं.