कुंपणापलीकडचा सरकारी माणूस

पोवई नाक्यावर टांगे उभे राहत तिथल्या लिंबाखाली क्षमा उभी होती. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात पत्र्याचं सुपलं, आणि नजर एका पांढऱ्या घोड्यावर. तिच्या अल्याडपल्याड तिची दोन भाचरं होती. नऊ वर्षांची वेणू आणि सहा वर्षांचा अच्युत. थंडीत कुडकुडत तिघंही घोडा लीद कधी टाकतो याची वाट पाहत होती.

"आत्या, आज हा टाकणारच नाही," अच्युत वैतागून म्हणाला.

"टाकेल. दम धर."

"मी त्याला जाऊन सांगू?"

मागून कुणीतरी हसलं. क्षमानं वळून पाहिलं. खाकी कोट घातलेला एक तरुण सायकलवर एक पाय टेकून उभा होता. हसू लपवायचा प्रयत्न त्यानं केला, पण तो जमला नाही.

"ताजी लीद रोपांना घालू नका," तो म्हणाला. "मुळं जळतात."

"रोपांना घालणार आहोत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग..." त्यानं घमेल्याकडे पाहिलं. "आणखी कशाला लागते?"

क्षमानं घमेलं पाठीमागे घेतलं. वेणूनं मात्र सांगून टाकलं. "रोपांनाच घालणार आहोत. वांगी आहेत, मेथी आहे, घेवडा आहे. आणि अच्चूची स्वतःची पपई आहे."

"वेणू, पुरे!"

"खड्ड्यात कुजवून घाला," तो अच्युतला म्हणाला. "वर पालापाचोळा टाकायचा, मधूनमधून पाणी शिंपायचं. वास गेला की समजायचं, झालं."

"आपण कोण?" क्षमानं विचारलं.

"गंगाधर. शेतकी खात्यात असतो."

"म्हणजे सरकारी."

"हो... सरकारी," तो म्हणाला, जरा ओशाळून. एखाद्या लाजिरवाण्या दुखण्याची कबुली द्यावी तसं.

एवढ्यात पांढऱ्या घोड्यानं आपलं काम उरकलं आणि अच्युतनं अशी आरोळी ठोकली की नाक्यावरचे सगळे टांगेवाले वळून बघू लागले. क्षमाचे कान लाल झाले. ती खाली वाकली आणि तो सायकल मारत निघून जाईपर्यंत वर उठलीच नाही.

क्षमा तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्याआधी सांगलीला कॉलेजात शिकत होती. बेचाळीसच्या पावसाळ्यात तिचा मोठा भाऊ, दादा, चळवळीत पकडला गेला आणि ती साताऱ्याला परत आली. वहिनी आधीच वारली होती. घरात उरले होते ते म्हातारे वडील, म्हणजे तात्या, आणि ही दोन मुलं. बाप तुरुंगात गेल्यापासून मुलं नीट जेवत नव्हती. ताटातली भाजी तशीच राही. तात्या रागवत, क्षमा समजावी, कशाचा उपयोग होत नव्हता. एक दिवस न्हाणीमागच्या ओल्या जागेत आपोआप उगवलेला भोपळ्याचा कोंब अच्युतला सापडला आणि तो दिवसभर त्याच्यापाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी क्षमानं कुदळ आणली. पुस्तकांवर पोसलेले तिचे हात सोलवटले, पण वाफे झाले. आणि आपण लावलेली मेथी मुलं एक पानसुद्धा न टाकता खाऊ लागली.

सरकारी माणसाची गोष्ट घरी सांगायची नाही, असं क्षमानं ठरवलं होतं. अच्युतनं ती दारातूनच सांगितली.

तात्यांनी चष्मा काढला. "ज्या सरकारनं माझा मुलगा कोठडीत घातला, त्याच्या माणसाचा पाय या अंगणात लागता कामा नये."

पाय लागलाही नाही. परसाच्या मागून एक बोळ जात होता आणि मधे मेंदीचं कुंपण होतं, छातीएवढं. पुढच्या रविवारी गंगाधर त्या बोळातून चालला होता. बोळ कुठंच जात नव्हता, पुढं बंद होता. तरी तो चालला होता.

"अंगणात येणार नाही," तो कुंपणापलीकडून म्हणाला. कुणी येऊ नका म्हटलेलं नसताना म्हणाला, म्हणजे गावातून सगळं त्याच्या कानावर गेलं होतं. "इथूनच बघतो. वेणू, तुझ्या आत्याला सांग, घेवड्याला आधार हवा."

"आत्या, घेवड्याला आधार हवा."

"त्यांना सांग, आम्हाला दिसतं आहे."

"दिसतं आहे म्हणते."

"मग दिला का नाही, विचार."

क्षमा उठली, काटक्यांचा भारा उचलून आणला आणि त्याच्या देखत एकेक काटकी रोवू लागली. तो शांतपणे बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "वेणू, सांग... काटक्या उलट्या रोवल्या आहेत."

क्षमाला हसू आलं. ती पाठमोरी होती म्हणून बरं.

असे किती रविवार गेले ते कुणी मोजलं नाही. तो कडेगावचा होता, वडील तिथं वैद्यकी करत, हे कळलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकला होता, तरी त्याचं सगळं बरोबर येई असं नव्हतं. करपलेलं म्हणून त्यानं उपटायला सांगितलेलं टोमॅटोचं रोप वेणूनं हट्टानं ठेवलं, आणि त्यालाच सगळ्यांत जास्त फळं आली. तात्या त्यांना बेलवांगी म्हणत आणि तोंडात घेत नसत. वेणूनं दोन फळं कुंपणावरून त्याच्या हातावर ठेवली.

"हरलो," तो म्हणाला. पण बघत होता क्षमाकडे.

धुणंभांडी करणारी बयाबाई विहिरीपाशी बसून सारं पाहत असे. एकदा राखेनं भांडी घासता घासता म्हणाली, "ताई, त्यो मानूस वांगी बगाया येतुया व्हय?"

"मग कशाला येतो?"

"आवं, वांगी खाली असत्यात. त्येची मान तर कवा खाली जात न्हाई."

क्षमानं बादली जरा जोरात आपटली. त्या दिवशी मात्र रविवार किती दूर आहे हे तिनं मनाशी दोनदा मोजलं.

श्रावणात पपई फुलली. सकाळपासून बारीक सर येत-जात होती, पानांवरून थेंब ओघळत होते. पपईला लांब देठांवर फुलांचे घोस लोंबत होते आणि अच्युत खाली उभा राहून नाचत होता. "बाबा येतील तोवर पिकेल. मी पहिली पपई बाबांना देणार!"

गंगाधरनं कुंपणावरून ते घोस निरखून पाहिले. मुलं टोपली आणायला आत पळाली, तेव्हा म्हणाला, "एक सांगायचं होतं. ते झाड... नर आहे."

क्षमा पदराचं टोक पिळत उभी राहिली. एका परक्या पुरुषाशी, भर पावसात, असल्या विषयावर बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "बरं मग?"

"फळ धरणार नाही. तोडून दुसरं लावायला हवं."

"तोडून?" तिचा आवाज चढला. "त्या झाडाला फळ आलं की बाप येणार, असं धरून बसलाय तो. तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वाटतं. म्हणूनच सांगतो आहे. नाहीतर तो वर्षभर वाट पाहील... आणि दोन्हींची पाहील."

तिला राग आला. तो खरं बोलत होता याचाच जास्त. अच्युत परत आला तेव्हा गंगाधरनं त्याला जवळ बोलावून, कुंपणाशी वाकून, सगळं सांगितलं. झाडाचं वेगळं, बाबांच्या येण्याचं वेगळं. अच्युतनं झाडाकडे वळून पाहिलं.

"मग हे झाड कशाला असतं?"

"शेजारच्या झाडाला फळ धरायला हेच लागतं. एकटं असलं तर ना ह्याला येत, ना तिला."

हे तो अच्युतशी बोलत होता. पण बोलता बोलता त्यानं वर पाहिलं, क्षमानंही त्याच क्षणी पाहिलं, आणि मग दोघांनाही मेंदीची पानं फार निरखून पाहावीशी वाटली.

झाड राहिलं. त्याच्याशेजारी नवी रोपं लागली.

त्या हिवाळ्यात सरकारनं परसबागांची स्पर्धा ठेवली. गंगाधरनं कौतुकाच्या भरात वेणूची वांगी प्रदर्शनात मांडली, तिला न सांगता तिचं नाव घातलं, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते कोण देणार, याचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. तो वेणूच्या डोक्यात आला, आणि तोही मांडवात नाव पुकारल्यावर. गोरा साहेब हातात कप घेऊन उभा होता. वेणू आत्याचा हात धरून बसली, ती उठेचना.

"जा ना," कुणीतरी मागून ढोसलं.

"मी नाही त्यांच्या हातून घेणार," वेणू म्हणाली. हळू म्हणाली, पण मांडव चिडीचूप असल्यानं ते साहेबाच्या दुभाष्यापर्यंत पोहोचलं. कुणाची मुलगी, बाप कुठं आहे, याची चौकशी झाली. नाव कुणी घातलं, याचीही झाली. गंगाधर पुढं झाला आणि म्हणाला, "मी घातलं. मुलीला ठाऊक नव्हतं."

घरी येताना वेणू रस्ताभर रडली. त्या रविवारी क्षमा परसात गेली नाही. बोळात पावलं वाजली, थांबली, परत गेली. खिडकीमागून तिनं ती ऐकली.

आठवडाभरात त्याची पाटणला बदली झाली. निघायच्या आदल्या सकाळी तो पुढच्या दारानं आला. तात्या ओसरीवर होते. तो पायरीखाली उभा राहिला.

"वेणूला त्या मांडवात बसवलं ती माझी चूक. माफी मागायला आलो."

तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "वर या."

तो वर आला. आणि बसता बसता, बहुधा धीर सुटेल या भीतीनं, एका दमात म्हणाला, "दुसरंही एक मागायचं आहे. क्षमा... माझी इच्छा आहे."

"नोकरी सोडाल?"

"नाही. घरी धाकटे दोन भाऊ शिकत आहेत. सोडून मागणी घातली, तर उद्या तुम्हीच विचाराल की मुलीला ठेवणार कुठं."

दाराआड क्षमा ऐकत होती. तात्यांना खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग होता, खऱ्याचा नव्हता. "माझा मुलगा सुटेपर्यंत या घरात कार्य व्हायचं नाही," ते म्हणाले. "नंतरचं नंतर."

तो नमस्कार करून गेला. क्षमा आतल्या आत धुमसत राहिली. वेणूमुळे होतंच, पण आणखी एका गोष्टीनं. माझी इच्छा आहे म्हणाला. तिची आहे का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

वर्ष गेलं. परसात दोडके झाले, वाल झाला, अच्युतचे पुढचे दात पडून नवे आले. पाटणहून मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर कधी मिरचीची रोपं येत, कधी मुलांसाठी करवंदं. क्षमा रोपं लावी आणि कुणाकडून आली ते बोलत नसे. रविवारी मात्र तिला परसात उगाच काहीतरी काम निघे, आणि बोळ मोकळा दिसला की ते लवकर संपे.

पंचेचाळीसच्या आरंभी दादा सुटला. हाडं निघालेला, दाढी वाढलेला. अच्युत त्याला ओळखून लाजला आणि अर्धा दिवस खांबामागे राहिला. मग त्याला हाताला धरून परसात घेऊन गेला, एकेक वाफा दाखवला. दादानं तिथंच मातीत बसकण मारली आणि वांग्याच्या झाडाआड तोंड लपवून तो रडला. मुलं त्याच्या मांडीवर जाऊन बसली. क्षमा मागं वळली. आपल्याला आता इथून जाता येईल, हे तिला त्या वेळी प्रथम कळलं, आणि त्यानं बरं वाटण्याऐवजी ती उगाचच वाफ्यातलं गवत उपटू लागली.

तात्यांनी दादाला सगळं सांगितलं. रात्रीच्या जेवणावर दादानं बहिणीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला कुणी विचारलंच नाही," क्षमा म्हणाली.

ही गोष्ट पाटणला कशी पोहोचली कोण जाणे. दादानं धाडलेला निरोप असेल, नाहीतर बयाबाईचा कुणी भाचा त्या मोटारीवर असेल. रविवारी गंगाधर आला. पुढच्या दारानं नाही, बोळातून. उन्हानं रापला होता. कुंपण वाढून गळ्याएवढं झालं होतं.

क्षमा वाफ्यात उभी होती. मुलं घरात बापापाशी. मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं.

"तात्यांना विचारलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला विचारायचं... राहिलं."

"वर्षभर?"

"हो."

"विसरला होता?"

"नाही. भीत होतो."

"सरकारी माणूस असून?"

"सरकारी माणसाला नाही म्हणणारं माणूस या घरात आहे, हे मी मांडवात पाहिलंय." तो हसला नाही. "वेणूला मी दुखवलं. नंतरच्या रविवारी तुम्ही खिडकीमागं होता, तेही मला दिसलं होतं. म्हणून विचारतो आहे. नाही म्हणालात तर या बोळात पुन्हा येणार नाही."

क्षमानं हातांची माती झटकली. बोटांच्या पेरांतली काही जाईना. तिनं तो नाद सोडला आणि ती कुंपणापाशी आली, कधी आली नव्हती इतकी जवळ.

"पाटणला माती कशी आहे?"

तो गोंधळला. "तांबडी. भाताला चांगली. पाऊस मात्र फार..."

"भाज्या होतात?"

"केल्या तर होतील. अजून कुणी केल्या नाहीत माझ्याकडे."

"मग मला यायला हवं."

त्याचा हात मेंदीवर होता, तो तसाच राहिला. "पाहायला?"

"राहायला," क्षमा म्हणाली.