एरर पाच आणि लीलामावशी

चौबळांचे मी आधी पाय पाहिले. तपकिरी मोजे, त्यातल्या एकाला अंगठ्याशी भोक. बाकीचे चौबळ माझ्या टेबलाखाली होते.

"कोण आहे तिकडे?" मी ओरडले.

"एक मिनिट हं..." खालून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, आणि माझा कॉम्प्युटर फट्कन बंद पडला. सकाळपासून लिहिलेलं सगळं गेलं.

मग डोकं वर आलं. केसांत कोळ्याचं जाळं, हातात माझ्या मशीनची वायर, आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. "बघा, बघा! तुमचं एक गेलं तर बाकीची सगळी मशिन्सही बसली. हेच बघायचं होतं मला."

"मला विचारायचंत तरी!"

"सांगून वायर उपटली तर ती परीक्षा कसली?" तो गृहस्थ हसला... आणि माझा निम्मा राग तिथल्या तिथे विरघळला. उरलेला निम्मा मी नेटाने धरून ठेवला.

तेवढ्यात आमचे पारेखसाहेब आले. "चौबळभाई, आ आपडां नीराबेन. नीरा ताम्हाणे. बे मराठी भेगा थया, हवे काम थई जशे!" दोन मराठी माणसं एकत्र आली की काम झालंच, असा त्यांचा हिशेब.

"ताम्हाणे?" चौबळांचं हसू मावळलं. "सुभानपुऱ्याचे?"

"चौबळ?" मी म्हटलं. "दांडिया बाजारचे?"

दोघांनीही माना हलवल्या आणि दोघंही आपापल्या स्क्रीनकडे वळलो. माझी स्क्रीन तर बंदच होती, तरी मी तिच्याकडे मन लावून पाहत बसले.

कारण असं, की काही वर्षांपूर्वी लीलामावशींनी माझ्यासाठी याच चौबळांचं स्थळ आणलं होतं. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. बडोद्याच्या साऱ्या कायस्थांच्या त्या मावशी. आम्ही एकमेकांना पाहण्याआधीच निरोप आला — पत्रिका जुळत नाही. आपल्याकडे नाही म्हणायची हीच रीत. मुलगी सावळी, मुलगा बुटका, सासू खाष्ट, काहीही असो, कळवायचं एवढंच. म्हणजे खरं कारण कधी कळतच नाही. पस्तिशीला टेकले तरी ते एक कुसळ मनात राहून गेलं होतं. न पाहताच नाही म्हणावं, असं माझ्यात काय होतं?

शतक सरत आलं होतं. सगळं जग दोन हजार सालाच्या धास्तीत होतं, पण फतेगंजात दवाखान्यावरच्या मजल्यावर आमची कंपनी भलतंच काम करत होती. पाच-सहा कॉम्प्युटर मिळून एकच सामायिक साठा वापरतात, अशी एका अमेरिकन कंपनीची फाइल सिस्टिम. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसावं, एक पडला की बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. एकत्र कुटुंबच म्हणा ना. आणि एकत्र कुटुंबासारखंच, काही बिघडलं की नक्की काय बिघडलं ते कोणी सांगायचं नाही. त्या चुका हुडकायला चौबळ तीन महिन्यांच्या बोलीवर आले होते. काम संपलं की बंगळूरची मोठी नोकरी त्यांची वाट पाहत होती.

"उत्तम," मी मनात म्हटलं. "लवकर संपवू आणि यांना गाडीत बसवून देऊ."

पण शेजारी बसून एकच प्रोग्राम वाचताना अबोला किती टिकणार? चौबळ वाचता वाचता प्रोग्रामशी बोलायचे. "अरे लबाडा, खालच्याने तुला सांगितलं ना डिस्क भरलीय म्हणून? मग वर 'सगळं ठीक' का कळवलंस?" मला हसू यायचं. मी ते खोकल्यात दडवायचे.

"नीराबेन, तुम्हाला फार खोकला आहे," एकदा ते म्हणाले.

"हवा बदलली की जाईल."

"म्हणजे मी बंगळूरला गेल्यावर?"

"...शक्य आहे."

"मग औषध नका घेऊ," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "आणि एक विचारू? हे 'बेन' काढलं तर चालेल? ऑफिसच्या रीतीने म्हणतो खरा, पण दर वेळी घशात अडकतं."

मी पुन्हा खोकले. या वेळी खराखुरा ठसका होता.

आणि एके दुपारी सगळ्याचं मूळ सापडलं. बाहेर अवेळी पावसाची भुरभुर चालली होती, खिडकीतून ओल्या डांबराचा वास येत होता. डिस्क भरो, वायर तुटो, शेजारचं मशीन मरो. प्रोग्रामचे खालचे थर आपापलं कारण बरोबर सांगत होते. पण मधला एक थर ती सगळी कारणं गिळून वर एकच कळवायचा — एरर पाच. लिहिता-वाचता येत नाही, बस्स.

"काय हो हे!" चौबळ खो खो हसले. "आपल्याकडची पत्रिका जुळत नाही, तसलंच की!"

मी हसले नाही. धीर एकवटून म्हटलं, "तुमचा हातखंडा असेल त्यात. तुमच्याकडूनच आलं होतं ना ते उत्तर?"

"आमच्याकडून?" ते उठून उभे राहिले. "बाई, उत्तर तुमच्याकडून आलं! आई आठवडाभर म्हणत होती, ताम्हाण्यांना आपण कमी वाटलो."

"बाबा म्हणत होते, चौबळांना आपण कमी वाटलो..."

मग चौबळांनी हळूच पेन्सिल उचलली आणि कागदावर तीन चौकोन काढले. एका टोकाला ताम्हाणे, दुसऱ्या टोकाला चौबळ. मधल्या चौकोनावर त्यांनी पेन्सिल टेकवली.

"लीलामावशी!" आम्ही एकदमच म्हणालो.

संध्याकाळी त्यांच्या स्कूटरवरून आम्ही दांडिया बाजारात मावशींच्या जिन्याशी उतरलो. मावशी वाल सोलत बसल्या होत्या. आम्हाला जोडीने पाहून त्यांच्या हातातला वाल निसटला.

"आवो, आवो... अगंबाई, तुम्ही दोघं?"

"मावशी, नाही कोण म्हणालं होतं?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"इतक्या वर्षांनी काय गं ते!" मावशींनी पदर सावरला. "कोणी नाही म्हटलं नाही. याच्या आईने एवढंच विचारलं होतं, मुलगी मासे करते ना नीट? बाकी काही नको म्हणाली. ते विचारायला मी तुझ्याकडे आले, तर तुझे बाबा जिन्यातच भेटले. म्हटलं, मासे होतात ना घरात? तर काय खेकसले! 'छे छे, मासा? आमच्या घरात? नावही काढू नका!'"

"जिन्यात आणखी कोण होतं?" मी विचारलं.

"होते कोणी वरच्या मजल्यावरचे. पांढऱ्या टोपीतले काका."

मी कपाळाला हात लावला. आमच्या सोसायटीत कांदासुद्धा बेताने शिजायचा. घर भाड्याने देतानाच त्या काकांनी बाबांकडून मांसमच्छी न करण्याचा शब्द घेतला होता. आणि बाबा दर रविवारी पिशवीत वर मेथी, खाली पापलेट घालून जिना चढायचे. मावशींनी नेमकं त्या काकांच्या देखत विचारलं होतं!

"मला वाटलं, सुभानपुऱ्यात राहून बिचाऱ्यांनी कंठी घातली, मासे सोडले," मावशी म्हणाल्या. "आता मासळीवर जीव टाकणाऱ्या कायस्थाच्या घरी हे कसं सांगू? म्हणून दोन्हीकडे कळवलं..."

"पत्रिका जुळत नाही," चौबळ म्हणाले. हसू आवरताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"चुकलंच माझं. मग आता विचारू का पुन्हा दोन्ही घरी?"

"नको!" आम्ही इतक्या जोरात ओरडलो की खालचा पानवाला वर बघायला लागला.

खाली आलो. भुरभुर थांबली होती. चौबळ स्कूटरच्या आरशावरचं पाणी रुमालाने पुसत राहिले... आरसा कोरडा झाला तरी पुसत राहिले.

"आता काम संपेल चार दिवसांत," मी म्हटलं. "बंगळूरवाल्यांना कधी येतो म्हणून कळवलंत?"

"येत नाही म्हणून कळवलं. गेल्या आठवड्यात."

"कारण काय सांगितलंत?"

"खरं होतं ते. बडोद्यात एक बाई आहेत, त्यांना एक गोष्ट विचारायची आहे, धीर होत नाही आणि विचारल्याशिवाय गाव सोडवत नाही." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "नीरा, माझ्याशी लग्न कराल? नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण कारण सांगून म्हणा. मोघम चालणार नाही."

"आणि हो म्हणायचं असेल तर?"

"...तरी कारण हवंच."

मला इतक्या वर्षांत कोणी कारण विचारलंच नव्हतं. मी जरा विचार केला.

"हो," मी म्हटलं. "कारण तुम्ही शेजारी बसून बडबडत असता तेव्हा माझा डबा गार होतो, आणि मी गार जेवले हे मला घरी जाऊन डबा घासतानाच आठवतं."

त्या अखंड बोलणाऱ्या माणसाने नुसता माझा हात धरला. दांडिया बाजारात, भर रस्त्यात, पानवाल्यासमोर.

वरच्या गॅलरीतून मावशी ओणवल्या. "अगं, काय ठरलं? मी तुझ्या बाबांना काय सांगू?"

"काही सांगू नका, मावशी!" मी स्कूटरवर बसत म्हटलं. "आम्हीच सांगतो."