साहेब चहाला आले

रविवारी संध्याकाळी पाच वाजता पलटणीचे साहेब तोफांच्या मिस्त्रीच्या घरी चहाला आले आणि मिस्त्रीच्या बायकोने त्यांना नाही म्हटले.

पलटणीची रीतच होती. जवानाची मुदत संपत आली की तो आणखी काही वर्षे राहील का, हे साहेब त्याच्या घरी जाऊन, चहा घेता घेता त्याच्या बायकोला विचारत. ती हो म्हणाली की नवरा राहतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. साहेबांच्या आधी त्या घरी कुणी जायचे, हेही ठरलेले... मिस्त्रीच्या बायकोने! सारी पलटण तिला वहिनी म्हणे. नव्या भरतीला माणसे मिळेनात आणि जुनी निघाली, की निरोप येई, "वहिनी, जरा त्या घरी जाऊन या." ती जाई, रडणाऱ्या तरुण बायकोला जवळ घेई, तिच्या पोराचे नाक पुसता पुसता समजूत घाली, आणि नवरा थांबे.

तिच्या दारी मात्र त्यासाठी कधीच कुणी आले नव्हते.

"मुदत संपली तरी आणखी राहायला मिस्त्री हो म्हणालेत. तुम्हाला काय विचारायचं, तुम्ही घरच्याच!" साहेब बिस्कीट उचलत हसले.

"नाही, साहेब."

"थट्टा करताय वहिनी."

"अगं, साहेबांसमोर काय हे!" मिस्त्री कुजबुजला.

"त्यांच्यासमोरच! तुमच्यासमोर दर बदलीला बोलले, तेव्हा तुम्ही ट्रंका बांधत होतात." तिची नजर ढळली नाही. शिकलेली परिचारिका ती; प्रत्येक गावी इस्पितळात रुजू व्हायची आणि प्रत्येक बदलीला हातातले रुग्ण सोडून निघायची. "उद्यापासून इथल्या मुलांच्या वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुढची बदली आली तर हे जातील. मी येणार नाही."

"मला वाटलं, तुम्हाला पलटणीचा अभिमान आहे," साहेब हळूच म्हणाले.

"आहेच! म्हणून इतक्या जणींना थांबवलं. पण प्रत्येकीकडे मला धाडलंत, साहेब... माझ्याकडे कुणाला धाडलंत?"

साहेबांनी बिस्कीट बशीत परत ठेवले.

बोलल्या त्या कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई, ज्यांनी आजवर 'नवऱ्यामागे जायचं, नोकरी कसली' एवढेच ऐकवले होते. "त्यांना कशाला विचारतेस, सूनबाई? मी तर याच घरात होते... मीही नाही विचारलं गं!" त्यांचे डोळे भरून आले. त्या उठून सुनेशेजारी बसल्या आणि मुलाकडे वळल्या. "मी हिच्याजवळ राहणार. तुला जायचं तर जा बाबा, दशम्या बांधून देईन."

साहेब गेले. मिस्त्री दारातच उभा राहिला.

"मी शब्द देऊन बसलोय. तू नाही म्हणशील, असं मनातसुद्धा आलं नाही... चुकलो गं!"

तिने पदराने डोळे पुसले, त्याचा हात घट्ट धरला. "चुकलात. हे ऐकायला जन्म गेला माझा! पण म्हणून उद्या मी घरी बसणार नाही."

सोमवारी सकाळी ती वॉर्डात रुजू झाली. त्याच सुमारास मिस्त्री दिलेल्या शब्दाबद्दल बोलायला साहेबांच्या खोलीत गेला आणि त्याने आतून दार लावून घेतले. दुपारपर्यंत तो बाहेर आलेला नव्हता.