प्रवासाआधीचा खाऊ

शाळेला सुट्टी लागली त्याच दुपारी लारसने चटईवर जावा बेटाचा मोठा नकाशा पसरला आणि त्याच्या कोपऱ्यांवर आमच्या दोघांच्या चपला ठेवल्या.

"चपला कशाला गं?"

"पंख्याने उडतो ना, आजोबा! बोला लवकर, पहिलं शहर कुठलं?"

"तूच सांग. पुरवोकर्तोहून गाडीत बसलो, पूर्वेकडे निघालो. राजवाडा कुठे लागेल?"

"योग्या!" ती ओरडली. समोरच्या घरातली मांजर दचकून पळाली.

हयातभर मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांना उत्तर आयतं द्यायचं नाही, त्यांना तिथपर्यंत चालत न्यायचं, ही माझी सवय. लारस, माझ्या मुलीची मुलगी, लहानपणापासून माझ्याकडेच वाढली. तिची आई समुद्रापलीकडे मकासारला नोकरी करते. तिला आता तिकडे घर मिळालं होतं आणि सुट्टी संपली की ती लेकीला घेऊन जाणार होती. पुस्तकातली शहरं एकदा तुला रेल्वेने दाखवीन, असं मी लारसला फार पूर्वी कबूल केलं होतं. आता नाही तर कधीच नाही.

योग्या, सोलो, मादिऊन आणि शेवटी मोजोकर्तो. रोज दुपारी एक शहर घ्यायचं, उतरायचं कुठे, बघायचं काय, आणि मुख्य म्हणजे गल्लीसाठी खाऊ कोणता आणायचा, हे ठरवायचं. आमच्याकडे प्रवासाहून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाकडे लोक आजारी असल्यासारखं बघतात. खाऊ थाळीत घालून घरोघर द्यायचा. थाळी परत येते तीही रिकामी येत नाही.

योग्याची आखणी संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी समोरच्या वारसिनाबाई आल्या. हातात थाळी, थाळीत मेंदोआन, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची गरम भजी.

"गुरुजी, योग्याचे बाकपिया काय ताजे होते हो! आतलं मुगाचं सारण अजून कोमट होतं."

"कुठले बाकपिया? आमची अजून तिकिटंसुद्धा काढायची आहेत."

"म्हातारीची चेष्टा करता? काल संध्याकाळी तुम्ही नि लारस आलात, ओसरीवर बसलात. चहात साखर घालता घालता माझा डबा तळाला गेला!"

मी पोट धरून हसलो. माझ्या गोड चहाची थट्टा सगळी गल्ली करते. शिवाय खाऊची ही आगाऊ आठवण झकासच होती. काल संध्याकाळी आम्ही दोघं घरातच होतो, लारस मला राजांची नावं पाठ म्हणून दाखवत होती.

मेंदोआन संपल्यावर थाळी मांडणीत ठेवायला गेलो. आमच्या थाळ्या हिरवट, पांढरे ठिपके असलेल्या, पत्र्याच्या. त्यातल्या एकीच्या पाठीवर माझ्या दिवंगत पत्नीने खिळ्याने मोगऱ्याचं फूल कोरलं होतं, आणि तिची कड एका जागी उडाली होती. वारसिनाबाईंनी आणलेल्या थाळीवर ते फूल होतं.

मांडणीतल्या थाळीवरही होतं.

मी एक थाळी दुसरीवर ठेवली. उडालेली कड कडेला तंतोतंत जुळली.

त्या दुपारी आम्ही सोलो घेतलं. लारस इतकी रंगात आली की चपलेचं इंजिन करून तिने ती नकाशावरून शिट्टी वाजवत पळवली. मीही थाळी विसरलो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे कासदी आले. रेल्वेच्या सिग्नलवर जन्म घालवलेला, फार न बोलणारा माणूस. त्यांच्या थाळीत केळ्याची भजी होती.

"सोलोची भाताची खरपुडी चघळतोय सकाळपासून. तोंडात दात नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

या वेळी मी हसलो नाही. वर्गात विचारावं तसं, उत्तर न सुचवता विचारलं, "कोण घेऊन आलं होतं?"

"कोण म्हणजे? तुम्हीच दोघं. पोरगी आत आली. तुम्ही पायरीवरच उभे राहिलात. या म्हटलं तर आला नाहीत."

"अंगावर काय होतं माझ्या?"

कासदींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, बरं वाटतंय ना? तपकिरी टोपी होती की."

टोपी दाराजवळच्या खिळ्याला होती. मी ती प्रवासासाठी धुऊन ठेवली होती. हात लावून पाहिला. कोरडी होती, पण कडेला लालसर धूळ होती, विटेची असते तशी.

खरं सांगतो, भीती वाटली. पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. जे शहर आम्ही मनाने पुरतं फिरून येत होतो, त्याचा खाऊ गल्लीत पोचत होता. असा धडा मला कुठल्याच वर्गात शिकवायला मिळाला नव्हता. मी लारसला काही बोललो नाही आणि मादिऊन काढलं.

"मादिऊनला जुने इंजिनांचे कारखाने, आणि खाऊ म्हणजे आंबवलेल्या भाताच्या पांढऱ्या वड्या," मी म्हटलं.

"जिभेवर ठेवल्या की गार लागतात," लारस म्हणाली.

"तू कधी खाल्ल्यास?"

"नाही." ती क्षणभर गोंधळली. "पण लागतात ना?"

लागतात.

सकाळी वारसिनाबाई फाटकातूनच बोलत आल्या. "काय हो, रागावलात की काय? वड्या घेऊन पोरीला आत पाठवलंत आणि स्वतः फाटकाशीच थांबलात! हाक मारली तर नुसता हात हलवलात."

ओसरी. पायरी. फाटक.

त्या दुपारी मी नकाशाची घडी केली. "मोजोकर्तो नको. तीन शहरं पुरेत."

लारसचा चेहरा उतरला. "पण तो दरवाजा! दोन भागांत चिरलेला, लाल विटांचा! तुम्हीच सांगितलं होतं ना, मजापहितच्या जुन्या राज्याच्या राजधानीत माणसं त्यातून जायची?"

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी इथे कुठेय?" ती रडली नाही. परसात गेली आणि उन्हात बसून एकटीने चिखलाचा दरवाजा केला, मोजून मापून, अगदी पुस्तकातल्यासारखा. मी खिडकीतून बघत राहिलो. थांब म्हणायला तोंड उघडलं नाही. फार सुंदर करत होती.

दुसऱ्या सकाळी वारसिनाबाई आल्या तेव्हा थट्टा नव्हती. थाळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"तिळाचे गोळे आणले होते लारसने. मोजोकर्तोचे."

"माझ्याबरोबर?"

"एकटीच. म्हटलं, आजोबा कुठायत? तर फाटकाकडे बोट दाखवलं. म्हणाली, ते काय तिथं." वारसिनाबाईंनी आवाज खाली आणला. "मी पाहिलं, गुरुजी. फाटकात कोणी नव्हतं."

"पोरगी कशी होती?"

"म्हणजे?"

"घाबरलेली? रडलेली?"

"छे. वेणी नीट, पायात बूट. आनंदात होती." मग त्या हळूच म्हणाल्या, "कुठं जाऊ नका हो तुम्ही."

मी ओसरीवर बसून हिशेब मांडला. शिक्षकाने जे दिसलं त्यावरूनच बोलावं. दिसलं होतं ते एवढंच, की चारही वेळा लारस घरी आली होती. आपण गेलोच नाही तर काय होईल, याबद्दल कोणी काहीच पाहिलेलं नव्हतं. आणि मी तिला कबूल केलं होतं.

मी तिकिटं काढून आलो. मोजोकर्तोपर्यंतची.

लारसने मला मिठीच मारली. मग घरभर नाचली, बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली.

निघायच्या सकाळी, स्लामेत डोंगर अजून ढगाबाहेर स्वच्छ दिसत होता तेव्हा, मी तिला जवळ बसवलं.

"एक खेळ खेळू. समज, तू मोजोकर्तोहून एकटी घरी येते आहेस. आधी काय करशील?"

"गणवेशातल्या माणसाला तिकीट दाखवीन," ती बुटाची नाडी बांधत म्हणाली.

"आणि गाडीत..."

"एखाद्या आजीशेजारी बसायचं. सेरायूचा पूल आला, मग बोगद्यात अंधार झाला की पिशवी मांडीवर घ्यायची. पुढचं स्टेशन आपलं. बाहेर पडून कासदीकाकांचं नाव सांगायचं."

हे सगळं मी तिला आता सांगणार होतो.

"कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की!" ती हसली. "त्या दरवाजाशी बसून. विसरलात?"

बाहेर सायकलरिक्षावाल्याने घंटी वाजवली. लारस टुणकन उठली, खिळ्यावरची माझी टोपी काढली आणि घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"ही माझ्याकडेच राहू दे, आजोबा," ती म्हणाली. "मागच्या वेळी फार शोधावी लागली."