हरणीला पुढं नेणारा

परवा दिवस मावळताना मी हरणीला घेऊन शेंद्र्याच्या वरातीला निघालो. वरातीच्या घोडीचा धंदा आम्हा दोघा भावांचा. थोरला मोतीराम, धाकटा मी, सूर्यभान. मोतीरामला जाऊन वीस दिवस झाले होते. तेव्हापासून घोडी सुस्तावली होती. दहा पावलं चालायची, थांबायची.

निघताना वहिनी दारात आल्या. सारजाबाई, मोतीरामची बायको.

"मारू नका तिला, भावजी. त्यांनी कधी चाबूक धरला नाय. जिभेनं टक् टक् करायचे अन् पुढं चालायचे. तेवढ्यावर यायची ती."

मी चाबूक घेऊनच निघालो.

कंपन्यांची भिंत संपते, तिथं एक वळण आहे. दोन्ही अंगाला बाभळी. हरणी तिथं थांबली ती थांबलीच. लगाम ओढला, गूळ दाखवला. मग चाबूक ओढला. तिची कातडी थरथरली, पण खूर हलला नाही.

का थांबली, ते मला ठाऊक होतं. याच वळणावर मोतीराम भर उन्हात कोसळला होता. अंगात ताप होता. मीच त्याला अंथरुणातून उठवून वरातीला आणलं होतं. त्यानं माझा पाय धरला. "सूर्या, जरा थांब..." पुढं बँड वाजत होता, नवरदेवाचा मामा ओरडत होता. मी पाय सोडवून घेतला, त्याला बाभळीखाली टेकवलं आणि वरात पुढं काढली. तासाभरानं परतलो, तेव्हा त्याच्या उघड्या डोळ्यांवर माश्या बसल्या होत्या.

घरी सांगितलं, जागीच गेला.

आता अंधारून येत होतं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. ओल्या कडब्याचा वास आला. मोतीरामच्या सदऱ्याला यायचा तसा. आणि पुढून, अगदी जवळून...

टक्. टक्.

हरणीनं कान टवकारले. मान खाली घातली आणि चालू लागली. निमूट, एका लयीत. कुणाच्या तरी खांद्याला घासत असावी, तशी तिची मान डावीकडं कलली होती.

"कोण... कोण हाय पुढं?"

घोडी थांबली. पुन्हा टक् टक् झालं. या वेळी तिनं कानही हलवला नाही.

माझा पाय उचलला गेला. मी तो उचलला नव्हता.

लगाम टाकून मी मागं पळालो. वाटेत एकदाही वळून पाहिलं नाही. घरात शिरून कडी लावली. वहिनी चुलीपुढं ज्वारी निवडत होत्या. दम खात भिंतीला टेकलो, तोच दाराबाहेर आवाज झाला. टक्. टक्.

"घोडी... घोडी आली वाटतं," मी म्हणालो.

"घोडी कव्हाच आली." वहिनींनी मान वर केली नाही. "मागं बांधलीय."

"मग हे...?"

"तुम्हाला बोलवायलेत." त्यांनी सूप खाली ठेवलं. "जा आता, भावजी. त्या दिवशी लई वाट पाहिली त्यांनी."

आणि उठून त्यांनी कडी काढली.